माझी समस्या, माझं विधान

आयुष्यात मी एकच वाक्य असं लिहिलंय की ते आठवलं की माझी छाती अजून फुगते. आणि ते वाक्य वाचायला अगदी रटाळ आहे. त्यात विनोद नाही, कोपरखळी नाही, कुणाची नक्कल नाही. लांबलचक आहे, वाचताना मध्येच श्वास घ्यावा लागतो, आणि शेवटी प्रश्नचिन्ह आहे. ते लिहायला मला पावसाळ्यापासून दिवाळीच्या तोंडापर्यंत वेळ लागला. मधल्या काळात मी जे काही लिहिलं ते सगळं आमच्या सरांनी पेन्सिलीनं खोडलं. पेनानं नाही, पेन्सिलीनं. म्हणायचे, शाई वाया घालवण्याइतकं यात काही नाही.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मी पेठच्या एका हायस्कुलात पाचवी-सहावीला भूगोल शिकवायचो. शिकवायचो म्हणजे सोंगं काढायचो. मान्सूनचे वारे तोंडानं आणायचो, ज्वालामुखी दाखवायला टेबलावर चढायचो, आणि ध्रुवावरचा माणूस दाखवायचा तर भर उन्हाळ्यात दातांवर दात वाजवायचो. हे आमचं लहानपणापासूनचं. निफाडकडच्या आमच्या गावात शाळेच्या गॅदरिंगला माझा नंबर आला की मास्तर लोक एकमेकांकडे बघायचे, कारण पहिला बळी त्यांच्यातलाच असायचा. गावात मला नावानं कमी आणि ‘नकल्या’ म्हणून जास्त ओळखतात. आमचे वडील तर पाहुण्यांना सांगायचे, “थोरला शेती बघतो, धाकटा लोकांना बघतो.”

तर या नकल्याला एम.एड. करायची हुक्की आली. संस्थेकडे एक वर्षाची बिनपगारी रजा मागितली. चेअरमन म्हणाले, “वर्षात पदवी घेऊन या. नाही जमलं तर परत रजेचा अर्ज घेऊन माझ्यापुढं उभं राहायचं नाही. टेबलावर चढायला पदवी लागत नाही.” म्हणजे माझी टेबलाची बातमी तिथपर्यंत गेली होती.

नाशिकला कॉलेजात आलो आणि पहिल्याच महिन्यात कळलं की खरी मेख परीक्षेत नाही, लघुप्रबंधात आहे. लघुप्रबंधाच्या आधी समस्या विधान लिहायचं. म्हणजे आपण नेमकं काय शोधणार आहोत, ते एका वाक्यात मांडायचं. दिवाळीच्या आधी समिती बसणार, ते वाक्य तपासणार. वाक्य पास झालं तर पुढे जायचं. नाही झालं तर लघुप्रबंध पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी म्हणजे माझ्या बाबतीत कधीच नाही.

मला वाटलं, एक वाक्य तर लिहायचंय. त्यात काय मोठं.

लायब्ररीत गेलो. जुन्या विद्यार्थ्यांचे लघुप्रबंध काळ्या बाइंडिंगमध्ये ओळीनं उभे होते. पाठीवर सोनेरी अक्षरं. पाच-सहा शीर्षकं वाचली आणि माझ्या लक्षात आलं की यांची एक चाल आहे. सुरुवातीला ‘ग्रामीण’ किंवा ‘शहरी’, मधे कुठलीतरी ‘कारणे’, आणि शेवटी ‘चिकित्सक अभ्यास’. चाल सापडली की नक्कल करायला मला कितीसा वेळ. चहा गार व्हायच्या आत लिहून टाकलं: ‘ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक मागासलेपणाच्या कारणांचा चिकित्सक अभ्यास.’ स्वतःलाच वाचून दाखवलं. वाटलं, यालाही सोनेरी अक्षरं शोभतील.

आमचे मार्गदर्शक सर बुटके, शांत, कायम पांढऱ्या बुशशर्टात. त्यांची एक पद्धत होती. कागद हातात घेतला की मोठ्यानं वाचायचे, सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत. मग चष्म्याच्या वरून बघायचे आणि म्हणायचे, “मग?”

त्या ‘मग’ची नक्कल मी पुढे इतकी चांगली बसवली की कॉलेजचा शिपाई एकदा दचकून उभा राहिला होता. पण त्या दिवशी मीच उभा होतो.

“मग अभ्यास करायचा, सर.”

“कुठला ग्रामीण भाग?”

“आपला... सगळाच.”

“सगळीकडे जाणार?”

“नाही सर. पेठला जाईन.”

“मागासलेपण म्हणजे काय?”

“मागे पडणं.”

“कुणाच्या मागे?”

सरांनी पेन्सिल काढली. “मुलं मागासलेली आहेत हे तुम्ही आधीच ठरवलंत. त्याला कारणं आहेत हेही ठरवलंत. सगळं ठरलेलंच आहे, मग शोधणार काय? यात प्रश्न कुठे आहे?” आणि ‘ग्रामीण’च्या ग वरून रेघ सुरू केली ती थेट ‘अभ्यास’च्या स पर्यंत.

आमच्या वर्गात एक ताई होत्या. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, म्युनिसिपल शाळेत शिक्षिका. नाशिकरोडच्या बाजूला एका कॉलनीत राहायच्या, कॉलनी सगळी बौद्ध कुटुंबांची. मिस्टर पोस्टात. सकाळी दोन मुलांचे डबे करून, त्यांना शाळेत घालून, दोन बस बदलून त्या यायच्या, आणि तरी माझ्या आधी वर्गात असायच्या. त्यांचं विधान पहिल्याच फेरीत पास झालं होतं. त्यांच्या शाळेतल्या सातवी पास झालेल्या मुली पुढे कुठे जातात, एवढंच त्यांना बघायचं होतं.

“तुमचं कसं झालं हो एवढ्या पटकन?” मी विचारलं.

“मला लांबड लावायला वेळ नाही,” ताई म्हणाल्या. “बस चुकते.”

मी पंचवटीत एका खोलीत भाड्यानं राहायचो. घरमालक भिक्षुक. रोज पहाटे रामकुंडावर जायचे, यात्रेकरूंना संकल्प सांगायचे. त्यांचा संकल्प मला आठवड्याभरात तोंडपाठ झाला, शब्दांपेक्षा चालीनं. कॉलेजबाहेरच्या टपरीवर मी तो करून दाखवायचो. हातात चहाचा ग्लास पळीसारखा धरून, नाकात, भरधाव. आधी अख्खं विश्व, मग त्यातलं द्वीप, मग त्यातला देश, मग दंडकारण्य, मग गोदावरीचा काठ, मग संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, मग समोरच्या माणसाचं गोत्र आणि नाव, आणि मग एकदाचं पाणी सोडायचं.

पोरं हसून लोळायची. त्या दिवशी ताई पण होत्या. त्या हसल्या नाहीत. आपला चहा संपवला आणि म्हणाल्या, “हे आमच्यातलं नाही, मला त्यातलं काही कळत नाही. पण एक बघ. तुझे मालक आकाशातून सुरू करतात आणि ओंजळीपाशी येऊन थांबतात. तू अजून आकाशातच फिरतोयस.”

टपरीवाला म्हणाला, “बाई बरोबर बोलल्या.” त्याचा काय संबंध, पण बोलला.

मी रात्रभर वगैरे विचार केला नाही. तिथेच, टपरीच्या फळीवर, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर लिहायला बसलो. आकाशातून खाली आलो. महाराष्ट्र, नाशिक जिल्हा, पेठ तालुका, पेठ गाव, एक शाळा, इयत्ता पाचवी, तुकडी अ, विषय भूगोल, चालू शैक्षणिक वर्ष. दुसऱ्या दिवशी ऐटीत सरांपुढे ठेवलं: ‘नाशिक जिल्ह्यातील पेठ येथील एका माध्यमिक शाळेतील इयत्ता पाचवी अ मधील विद्यार्थ्यांचा चालू वर्षातील भूगोल विषयासंदर्भात अभ्यास.’

सरांनी वाचलं. या वेळी मला वाटलं, चेहरा जरा मऊ आहे.

“मग?” ते म्हणाले.

“सर, आता तर सगळं आलं. गाव, वर्ग, विषय, वर्ष.”

“तुम्ही पंचवटीत राहता ना? संकल्पाच्या शेवटी काय म्हणतात?”

“करिष्ये.”

“काय करिष्ये?”

सर म्हणाले, “जागा सापडली, वेळ सापडली, माणसं सापडली. पण तिथे जाऊन तुम्ही करणार काय ते कुठे आहे? पाणी हातात घेऊन नुसते उभे आहात.” पेन्सिल काढली, पण या वेळी फक्त शेवटचा शब्द खोडला. मला ते कौतुकच वाटलं. मी तो कागद जपून ठेवला.

जाता जाता सरांनी एक गोष्ट सांगितली. आवाज चढवून नाही, कपाट बंद करता करता. “तुम्हाला जे माहीत आहे ते लिहू नका. वर्गात तुम्हाला काय कळत नाही, ते शोधा.”

आता माझी पंचाईत अशी की मला वाटायचं, वर्गातलं मला सगळं कळतं. माझ्या तासाला पोरं कंटाळत नाहीत. दुसऱ्या वर्गातली पोरं खिडकीतून बघतात. मी हे ताईंना सांगत होतो, सीबीएस स्टँडवर, त्यांच्या बसची वाट बघताना.

“पोरं हसतात?” ताईंनी विचारलं.

“पोट धरून.”

“विचारतात काय?”

“म्हणजे?”

“अरे, तू टेबलावरून उतरलास, ज्वालामुखी संपला. मग हात वर करून कुणी काय विचारतं?”

मी आठवायला लागलो. खूप आठवलं. मग म्हणालो, “विचारतात ना. ‘सर, एकीला जाऊ?’”

“अजून?”

“‘सर, पाणी प्यायला जाऊ?’”

ताईंची बस लागली. पायरीवर पाय ठेवत म्हणाल्या, “माझ्या वर्गात पण तेच विचारतात. का, ते मलाही माहीत नाही.” आणि गेल्या.

मी तिथेच उभा राहिलो. नाशिकरोडच्या दोन बस आल्या-गेल्या. मला खरंच माहीत नव्हतं. एवढी वर्षं शिकवतोय, एवढी सोंगं काढतोय, आणि पोरांनी मला बाहेर जायच्या परवानगीशिवाय काही विचारलंच नाही. आणि का विचारलं नाही, की विचारतात आणि मला ऐकू येत नाही, यातलं मला काहीही माहीत नव्हतं. गंमत अशी की मला वाईट वाटलं नाही. मला आनंद झाला. महिनाभर शोधत होतो ते न कळणं एकदाचं सापडलं.

सरांना सांगितलं. तोंडीच. सर ‘मग’ म्हणाले नाहीत. ‘हं’ म्हणाले. हे ‘हं’ त्यांनी पूर्वी कधी काढलं नव्हतं, त्यामुळे माझ्याकडे त्याची नक्कलही नव्हती.

“पण लिहायच्या आधी एकदा जाऊन बघा,” ते म्हणाले. “प्रश्न येतच नसतील तर अभ्यास कशाचा करणार? आणि तुमच्या स्वतःच्या शाळेत नको. तिथे तुम्ही दारात दिसलात तरी मुलं हसतील. आणि एकटे जाऊ नका. तुम्हाला राहवणार नाही, तुम्ही हसवाल. तुमच्या वर्गातल्या बाईंना बरोबर न्या.”

ताई म्हणाल्या, “एक दिवस येईन. दुपारच्या आत सोडायचं.”

ओझरच्या अलीकडे एक गाव आहे, तिथल्या हायस्कुलात आम्ही गेलो. निम्मी पोरं विमानाच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्यांची, निम्मी भाजी-फुलं लावणाऱ्यांची. हेडमास्तरांना आधी कळवलं होतं की कॉलेजातून दोघं येणार, पाचवीच्या भूगोलाच्या तासाला मागे बसणार, आणि मुलं कोणते प्रश्न विचारतात ते लिहून घेणार. इतकं स्पष्ट कळवायला नको होतं, हे मला नंतर कळलं.

वर्गात शिरलो तर सगळी पोरं हाताची घडी, तोंडावर बोट. पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत. आम्ही मागे बसलो. वर्गशिक्षक उंच, इस्त्रीचे कपडे, केसांना तेल. पावसाचा धडा होता. त्यांनी शिकवलं, व्यवस्थित शिकवलं. मग खडू खाली ठेवला आणि म्हणाले, “आता कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.”

पहिल्या बाकावरचा पहिला पोरगा उठला. “सर, पर्जन्यमान म्हणजे काय?”

मग त्याच्या शेजारचा. “सर, पर्जन्यछायेचा प्रदेश कशाला म्हणतात?”

मग मागच्या बाकावरची मुलगी. “सर, पर्जन्याचे प्रकार किती व कोणते?”

मी भराभर लिहीत होतो. एवढे प्रश्न. पेठला मला वर्षभरात एक आला नाही आणि इथे रांग लागलीय. मला त्या सरांचा हेवा वाटायला लागला.

तेवढ्यात वरून विमान गेलं. कारखान्यात दुरुस्त झालेलं विमान चाचणीला वर काढतात, आणि ते गेलं की त्या बाजूच्या सगळ्या शाळांत शिकवणं थांबतं. शिक्षक तोंड मिटून उभे राहतात. पोरांना ही सवय असते. सर थांबले, खिडकीबाहेर बघायला लागले. आणि त्या आवाजाखाली वर्ग एकदम जिवंत झाला. माझ्या पुढच्या बाकावर दोघं कुजबुजत होती.

“त्याच्या आत बसल्यावर पाऊस खाली दिसत असंल का रं?”

“ढगाच्या वर गेल्यावर पाऊस कुठून दिसंल?”

“मग त्याच्या वर कोरडं हाय का?”

विमान गेलं. बोटं परत तोंडावर. पुढचा पोरगा उठला. “सर, पर्जन्यमापक म्हणजे...” आणि अडकला. सरांकडे बघायला लागला. सर हळूच म्हणाले, “म्हणजे कोणते...” पोरानं पुढचं सुरात म्हणून टाकलं, “कोणते उपकरण होय?”

आणि तिथे माझा कान जागा झाला. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे सूर उचलतोय. मला कळायला इतका उशीर व्हायला नको होता. ते सर ‘म्हणजे’ म्हणताना ‘म्ह’ वर जोर द्यायचे आणि ‘जे’ ला आवाज वर नेऊन तिथेच सोडून द्यायचे, धोतराचा सोगा सोडावा तसा. आणि उठणारं प्रत्येक पोरगं ‘म्हणजे’ तसंच म्हणत होतं. मुलीसुद्धा. हे प्रश्न नव्हतेच. ही नक्कल होती, आणि चांगली बसवलेली नक्कल होती.

मी पेन खाली ठेवलं. ताईंनी माझ्याकडे बघितलं. मी ओठ न हलवता त्या सरांचं ‘म्हणजे’ काढलं, अगदी हळू. ताईंनी पदर तोंडाला लावला.

तास संपल्यावर सरांनी आम्हाला चहा दिला. माणूस मोठ्या मनाचा. “बरे आले ना प्रश्न? एक पोरगं अडखळलं, नाहीतर फर्स्ट क्लास बसवलं होतं. इन्स्पेक्शनला पण आमच्या शाळेचा रिमार्क चांगला असतो.” लपवाछपवी नाही, काही नाही. पाहुणे प्रश्न बघायला येणार, तर घरात प्रश्न नकोत का? पाहुणा आला की आपण ठेवणीतल्या कपबशा काढतो, तसे त्यांनी प्रश्न काढले होते. पेठला माझ्याकडे कुणी असं आलं असतं तर मीही हेच केलं असतं, वर दोन नकला जास्त.

बसमध्ये ताई म्हणाल्या, “मग आता? प्रश्न आले, पण पोरांचे नव्हते.”

“पोरांचे पण आले,” मी म्हणालो. “विमान गेलं तेव्हा.”

“ते सरांना कुठे विचारले?”

“तेच तर.”

आडगाव गेलं, मी ताईंकडून एक कागद मागून घेतला. बस हादरत होती, अक्षर उंटासारखं आलं. पण पहिल्यांदाच असं झालं की मी कुणाचीही चाल न लावता लिहीत होतो. पंचवटीला उतरेपर्यंत ते वाक्य झालं होतं. हे ते वाक्य:

‘ओझर परिसरातील एका शाळेत, इयत्ता पाचवीच्या भूगोलाच्या तासाला, विद्यार्थी शिक्षकांना स्वतःहून कोणते प्रश्न विचारतात, आणि शिक्षकांनी आधी सांगून ठेवलेल्या प्रश्नांपेक्षा ते कशात वेगळे असतात?’

सांगितलं होतं ना, रटाळ आहे. पण जरा बघा. यात जागा आहे, वेळ आहे, माणसं आहेत. काय करिष्ये तेही आहे. मुलं हुशार की मागास, हे मी आधी ठरवलेलं नाही. शिक्षक चांगले की वाईट, हेही नाही. आणि मला याचं उत्तर माहीत नाही. यातला एकही शब्द काढला तर काहीतरी गळतं. मी काढून बघितलेत, एकेक करून.

सरांनी वाचलं. खिशातली पेन्सिल खिशातच राहिली. “‘स्वतःहून’ म्हणजे काय, ते समिती विचारेल,” एवढंच म्हणाले. “उत्तर घेऊन या. पण मला सांगू नका, त्यांना सांगा.”

समिती बसली. प्राचार्या बाई मधे, एका बाजूला आमचे सर, दुसऱ्या बाजूला पुण्याहून आलेले एक तज्ज्ञ. माझ्या आधीच्या दोघांची विधानं परत गेली होती. एक जण बाहेर पायरीवर बसून नुसता रुमालाची घडी घालत होता. मी आत गेलो तर बाई तज्ज्ञांना म्हणाल्या, “हे आमच्या सगळ्यांची नक्कल करतात बरं का. माझी पण.”

“छान करतात?” तज्ज्ञांनी विचारलं.

“मला कोण दाखवणार?” बाई म्हणाल्या.

तज्ज्ञांनी माझं वाक्य दोनदा वाचलं. मग बोट ठेवलं, नेमकं तिथेच. “मुलानं प्रश्न स्वतःहून विचारला की शिक्षकांनी पढवून ठेवला होता, हे कसं ओळखणार?”

“सर, ऐकून कळतं.”

“दाखवा.”

मी आधी पढवलेला दाखवला, त्या उंच सरांचा ‘म्हणजे’ लावून, हात मागे बांधून. मग त्या कुजबुजणाऱ्या पोराचा दाखवला, मान पुढे, नजर खिडकीकडे, “मग त्याच्या वर कोरडं हाय का?” बाई हसल्या. आमचे सर हसले, मी पहिल्यांदाच त्यांचे दात बघितले. तज्ज्ञ पण हसले, आणि हसून झाल्यावर म्हणाले, “उत्तम. पण ही नक्कल झाली. पुरावा नाही झाला. तुमचा कान चांगला आहे हे मान्य, पण विद्यापीठ तुमच्या कानाला पदवी देत नाही. उद्या हाच अभ्यास एखाद्या बहिऱ्याला करायचा असेल तर?”

आतापर्यंत मी जिथे जिथे अडलो होतो तिथे हसवून सुटलो होतो. इथे हसवून झालं होतं, आणि मी सुटलो नव्हतो. बाहेर पायरीवरचा तो रुमाल माझ्या डोळ्यापुढे आला, आणि चेअरमनचं तोंड.

“सर,” मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच ओळखू आला नाही, कारण तो कुणाचाच नव्हता. “एकच दिवस जाणार नाही. रोज जाऊ. शिक्षक एक दिवस प्रश्न बसवतील, दोन दिवस बसवतील. रोज कोण बसवणार? पहिल्या आठवड्यातलं लिहू, पण वेगळं ठेवू, म्हणजे पढवलेले कसे असतात ते दाखवता येईल. आणि मी एकटा जाणार नाही. आमच्या वर्गातल्या ताई येतील. त्या वेगळ्या कोपऱ्यात बसतील, वेगळ्या कागदावर लिहितील. तासभर एकमेकांशी बोलणार नाही. ज्याच्या उत्तराचा फळ्यावर किंवा धड्यात पत्ता नाही, आणि जो विचारायला शिक्षकांनी खूण केलेली नाही, तो स्वतःहून विचारलेला. दोघांनी लिहिलेला असेल तोच धरू.”

“आणि एकानंच लिहिला असेल तो?”

“सोडून देऊ.”

“आवडला असला तरी?”

“आवडला असला तरी, सर.”

“सोडवेल तुम्हाला?” ते माझ्याकडे बघत राहिले.

“सवय नाही, सर,” मी म्हणालो. “लावून घेतो.”

तज्ज्ञांनी कागद बाईंकडे सरकवला. “मला आता काही विचारायचं राहिलं नाही,” ते म्हणाले. “विधान स्वच्छ आहे.” बाईंनी सही केली. आमच्या सरांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचे कान लाल झाले होते, आणि ते रागानं नाही, हे मला माहीत होतं.

गावी गेलो तर पेढे घेऊन गेलो. वडिलांनी एक तोंडात टाकला. “पास झालास?”

“विधान पास झालं.”

“म्हणजे उत्तर सापडलं?”

“नाही. प्रश्न सापडला.”

“उत्तर अजून नाही?”

“नाही.”

“मग हे पेढे?”

“प्रश्नाचे.”

वडिलांनी जरा विचार केला, दुसरा पेढा उचलला आणि पलीकडच्या ओट्यावरच्या काकांना म्हणाले, “घ्या, धाकट्याला नाशिकमध्ये प्रश्न पडला.” काकांनी घेतला. मला त्या दिवशी कुणी काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी ते वाक्य काकांना म्हणून दाखवलं, सगळं, स्वल्पविरामांसकट. काका म्हणाले, “लय मोठं हाय.” मी म्हटलं, “बसतं एका श्वासात.”

दिवाळीनंतर आम्ही रोज जायला लागलो. ताईंनी सासूबाईंना गावाहून बोलावून घेतलं, मुलांसाठी. पहिले काही दिवस प्रश्न रांगेनं येत राहिले. मग हळूहळू त्या उंच सरांना कंटाळा आला, मग आमचीही सवय झाली, आणि एक दिवस त्यांनी खडू खाली ठेवला तर कुणीच उठलं नाही. मी माझ्या कोपऱ्यात, ताई त्यांच्या.

मग माझ्या पुढच्या बाकावरचा तो विमानवाला पोरगा मागे वळला. माझ्या कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, “सर, तुम्ही रोज येताय, तुम्हाला भूगोल येत नाय का?”

वर्ग फुटला. ते उंच सरसुद्धा फळ्याकडे तोंड करून हसायला लागले. असा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. बसवलेला नव्हता, फळ्यावर नव्हता, कुणी खूण केली नव्हती. माझं पेन कागदाला टेकलं होतं. उत्तर तर ओठावर होतं, सोंगासकट. मी काही केलं नाही. मान खाली घातली आणि पेन कागदावरून उचललं.

बसथांब्यावर ताईंनी विचारलं, “त्याचा लिहिलास?”

“नाही.”

“केवढा छान होता.”

“होता. पण शिक्षकांना विचारलेला नव्हता, ताई. मला विचारला. विधानात ‘शिक्षकांना’ आहे.”

ताईंनी पिशवीतून स्वतःचा कागद काढून माझ्या कागदाशेजारी धरला. कडेला वेळा मांडलेल्या होत्या; त्या प्रश्नाच्या वेळेपुढे माझ्याकडे कोरी जागा होती. त्यांच्याकडेही कोरीच होती.